पाच सेंटांची घंटा: सॅन फ्रान्सिस्को, अलमीडा, कारसन सिटी

सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियात नातेवाईक असले की फिरायचा कार्यक्रम आपण ठरवत नाही, ते ठरवतात. गोल्डन गेट, नापा, योसेमिटी आणि एखाद्या रविवारी लिव्हरमोरचं देऊळ. माझी ताई फ्रीमाँटला असते, तिच्याकडेही ही यादी तयार होती. यंदा जुलैत जायच्या आधीच मी फोनवर सांगून ठेवलं की काही दिवस माझ्या मर्जीचे. भोसरीत प्रेसटूलचं वर्कशॉप चालवणाऱ्याला सुट्टीतही यंत्रंच सुचतात. मला बघायची होती नाणं टाकून चालणारी जुनी मशिनं: पिनबॉल, म्हणजे उतरत्या पाटावर चेंडू खेळवायचं मशीन, आणि त्याचं वाया गेलेलं भावंड, जुगाराचं स्लॉट मशीन. दाजींनी कपाळाला हात लावला. चौदा वर्षांचा भाचा मात्र म्हणाला, "मामा, मी येणार."

भावंडं उगाच म्हणत नाही. दोघं वाढली एकाच अंगणात, बऱ्याचदा एकाच कारखान्यात. नाणं आत गेल्यावर बाहेर काय पडतं, यावर त्यांचं नशीब ठरत आलं. पैसे पडले तर जुगार, च्युइंगगम पडलं तर विक्री, नुसता एक डाव जास्त मिळाला तर करमणूक. पोलिस, कोर्टं आणि कारखानदार कितीतरी वर्षं याच फटीत भांडत बसले. ही भांडणं कुठे कुठे झाली ते बघत फिरायचं, असा बेत होता.

शनिवार: मार्केट स्ट्रीट आणि पिअर ४५

फ्रीमाँटहून बार्टने, म्हणजे तिथल्या लोकलने, एम्बार्केडेरो स्टेशन. फ्रीमाँटला ऊन होतं, बाहेर आलो तर समोरच्या इमारतींचे वरचे मजले धुक्यात गायब आणि वारा असा की कानटोपी हवी. जुलैतही सॅन फ्रान्सिस्कोला स्वेटर घेऊनच जा. तिथे शहराचं नाव छापलेले जॅकेट विकणाऱ्यांचा धंदा पर्यटकांच्या याच अज्ञानावर चालतो.

मार्केट, बुश आणि बॅटरी हे तीन रस्ते मिळतात तिथे एक लहानसा चौक आहे. मधोमध डग्लस टिल्डनने १९०१ मध्ये घडवलेलं ब्राँझचं शिल्प: जवळजवळ उघडे पाच कामगार एका अवाढव्य लीव्हर प्रेसवर लोखंडी प्लेटला भोक पाडताहेत. लीव्हरला अक्षरशः लटकलेत. प्लेटखाली हात घातलेला एकही नाही, हे मी आधी तपासलं. १९०६ च्या भूकंपात आजूबाजूचं सगळं जळालं, हे उभं राहिलं.

मी आलो होतो तिथल्याच एका पाटीसाठी. कॅलिफोर्नियाचं ऐतिहासिक स्थळ क्रमांक ९३७. पाटी सांगते की ४०६, मार्केट स्ट्रीटवरच्या वर्कशॉपात चार्ल्स ऑगस्ट फे याने १८९४ पासून स्लॉट मशिनं बनवली आणि १८९८ मध्ये तीन चाकांचं मूळ बेल मशीन काढलं. साल पुस्तकागणिक बदलतं, कुणी १८९५ लिहितं, कुणी १८९९. ऑफिसातली माणसं कॉफीचे कप घेऊन पाटीवरून चालत जातात, वाचत कुणी नाही. आमचं वाचन बघून एक बाई थांबल्या. म्हणाल्या, समोरच्याच बँकेत कितीतरी वर्षं काम करते, आज पहिल्यांदा कळलं इथे काय आहे.

फे बव्हेरियातून आलेला कारागीर, १८८५ ला सॅन फ्रान्सिस्कोत पोचलेला. त्याने नेमकं केलं काय, ते समजून घ्यायला आधीचं मशीन माहीत हवं. १८९१ मध्ये ब्रुकलिनच्या सिटमन आणि पिट यांनी पत्त्यांचं मशीन आणलं होतं. पाच ड्रम, त्यांवर पन्नास पत्ते. इस्पिकची दश्शी आणि बदामचा गुलाम काढून टाकलेले, म्हणजे मोठा हात लागायची शक्यता आपोआप कमी. निकेल, म्हणजे पाच सेंटांचं नाणं, टाकायचं, दांडा ओढायचा. जिंकलात तर दारूवाला बिअर किंवा सिगार द्यायचा. पैसे मशीनमधून पडत नसत, कारण पाच ड्रमांचे इतके हात होतात की ते सगळे ओळखून हिशोबाने नाणी सोडणारी यंत्रणा करणं त्या काळी कुणाला जमेना.

फेने ड्रम तीनच ठेवले. चिन्हंही मोजकी: नाल, चौकट, इस्पिक, बदाम आणि फिलाडेल्फियाची तडा गेलेली लिबर्टी बेल. शक्यता आवाक्यात आल्या आणि मशीन स्वतःच पैसे मोजून द्यायला लागलं. तीन घंटा जुळल्या की सगळ्यात मोठं बक्षीस, दहा निकेल, म्हणजे पन्नास सेंट. मला यात अस्सल टूलरूमची अक्कल दिसते. काम अवघड होतं म्हणून त्याने यंत्रणा वाढवली नाही, कामच कमी केलं.

मशिनं तो विकत नसे. दारूच्या दुकानात ठेवायची आणि कमाई निम्मी निम्मी. मागणी पुरी होईना. मग शिकागोच्या मिल्स नॉव्हेल्टी कंपनीने तसंच मशीन काढून देशभर पसरवलं. फेचं वर्कशॉप १९०६ च्या आगीत गेलं. १९०९ मध्ये शहराने स्लॉट मशिनांवर बंदी घातली, १९११ मध्ये राज्याने. तेव्हा कारखानदारांनी मशीनच्या बाजूला गम विकायची सोय जोडली. आम्ही जुगार चालवत नाही हो, गम विकतो. चाकं नुसती गंमत म्हणून फिरतात! पत्त्यांची चिन्हं जाऊन चेरी, लिंबू, आलुबुखार आले ते गमच्या चवींमुळे, आणि गमच्या पाकिटावरचं लेबल पुढे 'बार' झालं. आजही कॅसिनोत तीन बार जुळले की लोक उड्या मारतात. ती शंभर वर्षांपूर्वीच्या च्युइंगगमची जाहिरात आहे.

शनिवारी फेरी बिल्डिंगच्या मागे शेतकऱ्यांचा बाजार भरतो. पीच घेतले, वाकून खाल्ले, कारण रस कोपरापर्यंत येतो. मग एफ लाइनची जुनी ट्राम पकडली. नशिबाने १९२८ च्या बनावटीची मिलानची केशरी ट्राम आली, लाकडी बाक आणि इटालियन पाट्यांसकट. फिशरमन्स वॉर्फला उतरून पिअर ४५ वर आलं की म्यूझे मेकानिक.

प्रवेश फुकट, खर्च क्वार्टरांचा, म्हणजे पंचवीस सेंटांच्या नाण्यांचा. आत नोटा मोडायची मशिनं आहेत. वीस डॉलरची एकदम मोडू नका, ती संपतेच. तीनशेच्या वर यंत्रं एका गोदामवजा हॉलमध्ये दाटीवाटीने उभी आहेत आणि बहुतेक सगळी चालतात. एडवर्ड झेलिन्स्की या स्थानिक माणसाने शाळकरी वयापासून जमवलेला हा संग्रह. २००२ पर्यंत तो समुद्रकाठच्या क्लिफ हाउसच्या तळघरात होता. २०२० च्या मे महिन्यात याच पिअरवरचं शेजारचं गोदाम जळून खाक झालं, आग इथपर्यंत आली नाही.

दाराशीच 'लाफिंग सॅल' आहे. काचेच्या पेटीत माणसापेक्षा उंच बाहुली, पुढचे दात फाकलेले. नाणी टाकली की कमरेत वाकून गडगडा हसते, आणि थांबायचं नावच घेत नाही. शेजारी उभं असलेलं एक छोटं पोर रडायला लागलं, त्याचा बाप हसत होता.

आतली मशिनं तऱ्हेतऱ्हेची. हँडल फिरवून बघायचे चित्रांचे डबे, पंजा लढवणारा लोखंडी हात, आपोआप वाजणारे पियानो, फाशीचा देखावा दाखवणारी पेटी: दार उघडतं, पाद्री मान हलवतो, खाली फळी पडते, संपलं. एका खेळात एवढं नाट्य. सगळ्यात जास्त वेळ आम्ही थांबलो ते टूथपिकांच्या जत्रेपाशी. सॅन क्वेंटिन तुरुंगातल्या कैद्यांनी दात कोरायच्या काड्यांपासून पाळणे, चक्र, रोलर कोस्टर असं सगळं केलंय. नाणं टाकलं की आख्खी जत्रा हलते. जोडकाम इतकं बारीक की डिंक कुठे दिसत नाही.

भविष्य सांगणाऱ्या म्हाताऱ्या बाहुलीने मला कार्ड दिलं. भाच्याला म्हटलं, हे आपल्याकडे रेल्वे स्टेशनवर होतं: लाल-पांढरी चकती गरगर फिरणारं वजनाचं मशीन, नाणं टाकलं की पुठ्ठ्याचं तिकीट पडायचं, एका बाजूला वजन आणि दुसऱ्या बाजूला भविष्य. त्याने विचारलं, "वजन बरोबर यायचं?" म्हटलं, दोन्ही सारखंच बरोबर यायचं.

हॉलच्या मागच्या बाजूला दुरुस्तीचं टेबल आहे आणि ते लपवलेलं नाही. एक माणूस जुन्या काउंटर मशीनची पाठ उघडून बसला होता. मी घुटमळतोय हे बघून त्याने टॉर्च माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "इथे धर." मदतीची मदत, दर्शनाचं दर्शन. नाण्याचा मार्ग दाखवला. उतारावरून येणारं नाणं आधी अंगठीसारख्या गेजमधून जातं. लहान असलं तर मधेच खाली पडतं. मग शेजारून लोहचुंबक. लोखंडी चकती तिथेच अडकते, खरं निकेल पुढे जातं. नाण्याच्या वजनाने एक काटा दबतो आणि दांड्याची कुलूपपट्टी सुटते. वीज नाही, स्प्रिंगचा जीव आणि नाण्याचं वजन, एवढ्यावर सगळं. दांड्याच्या टोकाची कड झिजून गुळगुळीत झाली होती. विचारलं, नवीन का नाही करत? म्हणाला, ही अजून चालते.

जेवायला वॉर्फवर खेकडे आणि आंबूस पावाच्या वाटीत चाउडर नावाचं दाट सूप. शाकाहारी असाल तर पाव घ्या आणि घरून आणलेली चटणी काढा. आम्ही तेच केलं, आणि दाण्याच्या चटणीबरोबर तो पाव फार भारी लागतो.

रविवार: अलमीडा

ताईही आली. ओकलंडच्या ट्वेल्थ स्ट्रीट स्टेशनवरून ५१ए बस खाडीखालच्या बोगद्यातून अलमीडा बेटावर जाते. बोगद्याच्या अलीकडचं ओकलंड गंमतीदार आहे: तिथली पिनबॉलबंदी १९३० च्या दशकातली, आणि ती कागदावरून पुसली गेली २०१४ मध्ये. पलीकडे वेबस्टर स्ट्रीटवर पॅसिफिक पिनबॉल म्यूझियम. धुकं खाडीपलीकडेच राहिलं, इथे लख्ख ऊन.

तिकीट एकदा काढलं की दिवसभर हवं तेवढं खेळा, नाणी लागत नाहीत. मधे जेवून परत येता येतं. उघडं असायचे वार मोजके आहेत, आधी बघून जा. आणि लहान मुलांना न्याच, पायाखाली घ्यायला स्टूलं ठेवलेली असतात.

खोल्या काळानुसार लावल्यात. पहिलीत बॅगाटेल. लाकडी पाट, त्यात ठोकलेल्या पितळी खिळ्यांच्या महिरपी, छर्रा वर ढकलायचा आणि तो ठेचकाळत खाली येताना कुठल्या घरात जातो ते बघायचं. ताई ओरडलीच, "अरे, हा तर आपल्याकडे होता!" होताच, आमच्या माळ्यावर बहुतेक अजून असेल, छर्रे मात्र केव्हाच गोट्यांत गेले. या खेळाचं नाव पॅरिसजवळच्या बॅगाटेल नावाच्या वाड्यावरून आलं. सोळाव्या लुईच्या धाकट्या भावाने तो १७७७ मध्ये बांधून घेतला. तेव्हा छडीने चेंडू ढकलत. सिनसिनाटीच्या माँटेग्यू रेडग्रेव्हने १८७१ मध्ये पेटंट घेतलं आणि छडीच्या जागी स्प्रिंगचा दट्ट्या बसवला. आजच्या सगळ्यात महागड्या पिनबॉललाही तोच दट्ट्या आहे.

पुढची खोली १९३१ ची, आणि माझ्या मते आख्ख्या म्यूझियमचं मोल तिथे आहे. मंदी पेटलेली, लोकांकडे काम नाही, करमणुकीला पैसे नाहीत. शिकागोच्या डेव्हिड गॉटलीबने 'बॅफल बॉल' आणला. काउंटरवर मावणारी लाकडी पेटी, किंमत साडेसतरा डॉलर, एका सेंटला पाच ते सात चेंडू. चेंडू परत वर मारणारे फ्लिपर नाहीत, दिवे नाहीत, वीजही नाही. तरी पन्नास हजारांवर पेट्या खपल्या. औषधाच्या दुकानात, न्हाव्याकडे, कुठेही. दुकानदाराची गुंतवणूक थोड्याच दिवसांत वसूल व्हायची.

गॉटलीबचा माल विकणारा एक रेमंड मोलोनी होता. त्याला हव्या तेवढ्या पेट्या मिळेनात. वैतागून त्याने १९३२ मध्ये स्वतःचीच काढली, 'बॅलीहू'. ती इतकी चालली की कंपनीचं नावच बॅली पडलं. हीच ती बॅली, पुढे स्लॉट मशिनांत जिने नाव काढलं. घरातला एक मुलगा पिनबॉलमध्ये, एक जुगारात.

मी बॅलीहू खेळलो. दट्ट्या ओढा, सोडा, मग हात बांधून बघत बसा. हात बांधून कोण बसतं म्हणा! माणसं पेटी उचलायची, हलवायची, गुडघ्याने ढोसायची. हॅरी विल्यम्स नावाच्या तरुणाने त्यावर उपाय म्हणून पेटीच्या बुडाला टोकं वर करून खिळे ठोकल्याची गोष्ट सांगतात. खालून चापट मारणाऱ्याचा तळहात फुटायचा. मग त्याने जरा माणुसकीचा मार्ग काढला. आधी एका खुंटीवर चेंडू, पेटी हलली की तो पडतो आणि डाव बाद. त्यानंतर ओळंबा: तारेला लटकलेलं वजन, भोवती धातूची कडी. धक्का बसला की वजन कडीला टेकतं, वीज जोडली जाते, 'टिल्ट'. आज कॉम्प्युटरवर चालणाऱ्या पिनबॉलमध्येही हाच गवंड्याचा ओळंबा आहे. वीज खेळात आणली तीही बरीचशी विल्यम्सनेच: १९३३ च्या 'काँटॅक्ट'मध्ये खड्ड्यात गेलेला चेंडू बॅटरीवरचा कॉइल परत बाहेर उडवतो.

इथे एक आजोबा स्वयंसेवक भेटले. नोकरी सगळी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये. म्हणाले, निवृत्त झाल्यावर कुठे जाणार? रिले आणि स्टेपर, म्हणजे विजेवर आपोआप सरकणारे जुने स्विच, आता इथेच उरलेत. त्यांनी साठीच्या दशकातल्या एका मशीनचा पाट उचलून आडव्या दांडीवर टेकवला. खाली कापडात गुंडाळलेल्या वायरींचं जंगल, रंगीत, जुडी जुडी बांधलेली. मग मला एका रिलेच्या पानांमधून पातळ कानस ओढायला लावली. काळी पूड बोटाला लागली. "आता खेळ," म्हणाले. दहा गुणांवर अडकलेला आकडा पुढे सरकायला लागला. शेजारच्या खोलीत पारदर्शक पिनबॉलही आहे, सगळा सांगाडा उघडा, कॉइल ओढली जाताना दिसते. मुलांना तिथून हलवणं अवघड.

आजोबांना मी विचारलं, पैसे देणारी पिनबॉल कुठे? ते हसले. बॅलीने १९३३ मध्ये 'रॉकेट' काढलं, चेंडू योग्य घरात गेला की मशीनमधून नाणी पडायची. मग एकच चेंडू देणाऱ्या घोड्यांच्या शर्यतीच्या पेट्या आल्या: निकेल टाका, चेंडू सोडा, घोडा लागला की पैसे. खिळे आणि छर्रे पिनबॉलचे, धंदा स्लॉटचा. पोलिसांना दोन्ही सारख्याच दिसायला लागल्या. ज्यातून एक पैसाही पडत नसे अशा मशिनांवरही काही दुकानदार गल्ल्यातून गुपचूप बक्षीस द्यायचेच.

त्याचा शेवट न्यूयॉर्कमध्ये झाला. मेयर ला ग्वार्डियाच्या मते ही यंत्रं शाळकरी पोरांचे डब्याचे पैसे लुटत होती. जानेवारी १९४२ मध्ये बंदी आली. धाडी पडल्या, मशिनं हजारांच्या घरात जप्त झाली, फोटोग्राफर बोलावून मेयरने स्वतः घण घातला. लढाई चालू होती, धातू तिकडे गेला. लाकडी पायांचे पोलिसांसाठी दंडुके केले.

कारखानदार गप्प बसणारे नव्हते. पैसे नकोत? मग फुकट डाव देतो. फुकट डावही 'मोलाची वस्तू' आहे असं काही राज्यांचं म्हणणं पडलं, तर गॉटलीबने १९६० मध्ये चालू डावातच एक चेंडू जास्त द्यायला सुरुवात केली. कायदा एक पाऊल, मशीन एक पाऊल. यात बॅलीची बिंगो पिनबॉल सगळ्यात बेरकी: पाच चेंडू, पंचवीस भोकं, ओळ जुळली की फुकट डाव, आणि न खेळलेल्या डावांचे पैसे दुकानदार देणार. १९५७ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यांना सरळ जुगाराच्या यंत्रांचा कर लावला.

फ्लिपर आले १९४७ मध्ये, गॉटलीबच्या 'हम्प्टी डम्प्टी'वर, कल्पना हॅरी मॅब्जची. मी ते खेळलो. सहा फ्लिपर, तोंडं बाहेरच्या बाजूला, अशक्त. चेंडू परत वर चढवायला एकावरून दुसऱ्यावर ढकलत न्यावा लागतो. पुढच्या वर्षी जेन्को कंपनीच्या स्टीव्ह कोर्डेकने खर्च वाचवायला दोनच ठेवले, तळाशी, आणि ताकदवान. पुन्हा तेच शहाणपण, कमी करण्याचं. आता चेंडू खेळणाऱ्याच्या हातात आला होता, तरी बंदी उठायला आणखी पंचवीस-तीस वर्षं लागली. लॉस एंजेलिसची १९७४ मध्ये कोर्टाने उडवली. न्यूयॉर्कमध्ये १९७६ च्या वसंतात रॉजर शार्प नावाच्या तरुणाने कौन्सिलसमोर खेळून दाखवलं. एका सदस्याला संशय आला, त्याने ठरलेल्या मशीनऐवजी बाजूच्या जादा मशीनवर खेळायला लावलं. शार्पने दट्ट्या ओढण्याआधी सांगितलं की चेंडू मधल्या वाटेने जाईल. गेला. बंदी उठली. हा कौशल्याचा खेळ आहे हे सिद्ध करणाऱ्या त्या फटक्यात नशीबही होतं, हे पुढे त्यानेच सांगितलं.

संध्याकाळी निघताना भाच्याला ओढून काढावं लागलं. ताई अजून बॅगाटेलपाशीच होती.

मंगळवार: हायवे ५०

सोमवारी घरीच थांबलो. पुढचा मुक्काम नेवाडा राज्यातलं कारसन सिटी, तिथलं म्यूझियम सोमवारी बंद असतं, शिवाय ताईला थालिपिठं करून बांधून द्यायची होती. मंगळवारी अंधारातच निघालो. सॅक्रामेंटोपर्यंत सांगण्यासारखं काही नाही. प्लासरव्हिलला नाश्ता केला. सोन्याच्या शोधात लोक इकडे धावले त्या काळातलं हे गाव. एकेकाळी फाशीसाठी इतकं प्रसिद्ध की हँगटाउन म्हणत. कालवं आणि बेकन घातलेलं इथलं ऑम्लेट त्याच नावाने ओळखलं जातं. दाजींनी खाल्लं आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.

एको समिट ७,३८२ फूट. तिथून खाली ताहो तलाव दिसतो तेव्हा गाडीत सगळे गप्प होतात. थालिपिठं पाण्याच्या काठी खाल्ली. पाणी जुलैतही बर्फासारखं.

दक्षिण टोकाला एकाच रस्त्यावर कॅलिफोर्निया संपतो आणि नेवाडा सुरू होतो. अलीकडे मोटेलं आणि सायकलींची दुकानं, आणि रेषा ओलांडली की लगेच, अक्षरशः दोन पावलांवर, कॅसिनोंचे मनोरे. इतका नागडा कायदा मी दुसरीकडे पाहिला नाही. नेवाडातही १९१० पासून बंदी होती, मंदीत तिजोरी रिकामी झाली तेव्हा मार्च १९३१ मध्ये उठवली. बॅफल बॉलचंच वर्ष. त्याच मंदीत शिकागो एका सेंटला चेंडू विकत होतं आणि नेवाडा सरळ जुगार.

एका कॅसिनोत शिरलो. नाण्यांचा आवाज नाही. नोट घालायची, बटण दाबायचं, जिंकलात तर छापील चिठ्ठी येते. चाकंही पडद्यावर. भाचा माझ्या शेजारी थांबला तर गणवेशातले गृहस्थ आले आणि सभ्यपणे म्हणाले, एकवीसच्या आतल्यांनी मशिनांपाशी थांबायचं नाही. गालिच्याची ही वाट चालायला, तेवढीच. पोरगं वाटेच्या कडेला उभं राहून बघत होतं. म्हणालं, "मामा, यात करायचं काय असतं?" एक डॉलर घालवून मीही तेच म्हणालो. मुलं बरोबर असतील तर नेवाडात ही काळजी घ्या, कारण मशिनं किराणा दुकानात आणि पेट्रोल पंपावरही असतात.

रात्री गार्डनरव्हिलला बास्क जेवण. स्पेन आणि फ्रान्सच्या सीमेवरच्या डोंगरातून मेंढपाळ म्हणून आलेल्या लोकांची ही रीत: लांब टेबलं, अनोळखी माणसांशेजारी बसायचं, सूप, बीन्स, सॅलड मोठ्या भांड्यांतून येतं आणि वाढून घ्यायचं. मग मटण. आमच्या शेजारच्या म्हाताऱ्या जोडप्याने आग्रह करकरून दाजींना पुन्हा पुन्हा बीन्स वाढले. दाजी पहिल्यांदाच म्हणाले, "ही ट्रिप बरी आहे."

बुधवार: कारसन सिटी

ऊन कोरडं, सकाळी दहालाच डोकं तापायला लागलं. नेवाडा स्टेट म्यूझियम ज्या दगडी इमारतीत आहे ती मूळची टांकसाळ, १८७० मध्ये सुरू झालेली. जवळच्या कॉमस्टॉकच्या खाणीतली चांदी इथे येऊन डॉलर व्हायची, 'सीसी' अशी खूण असलेले. मुलांना तिकीट नाही.

खालच्या मजल्यावर कॉइन प्रेस नंबर एक. १८६९ मध्ये फिलाडेल्फियाच्या मॉर्गन अँड ऑर यांनी केलेला, सुमारे सहा टनांचा, काळा, सोनेरी रेघा ओढलेला. भलं मोठं फ्लायव्हील आणि वर कमान. ती कमान मधे तडकली होती, तेव्हा इथल्याच व्हर्जिनिया अँड ट्रकी रेल्वेच्या वर्कशॉपाने दुरुस्त केली, आणि मूळ कारखान्याची पाटी काढून स्वतःची लावली! भोसरीत हे कुणी केलं तर भांडणं होतील. प्रेस आजही ठरावीक दिवशी चालवतात, त्यावर पदकं पाडतात. आम्ही गेलो तेव्हा उभाच होता. तुम्ही चालण्याचा दिवस विचारून जा, शंभरदा सांगतो.

आणि याच इमारतीत फेच्या घरातला संग्रह आहे. त्याच्या नातवांनी रेनोला एक रेस्टॉरंट चालवलं होतं, लिबर्टी बेल नावाचं, आजोबांच्या यंत्रांनी भरलेलं. ते २००६ मध्ये बंद झालं आणि यंत्रं इथे आली. लिबर्टी बेल मशीन काचेमागे आहे, अपेक्षेपेक्षा खूपच लहान. दोन हातांत उचलून नेता येईल एवढं. ओतीव लोखंडाची पेटी, बाजूला दांडा, पुढे तीन छोट्या खिडक्या. आत बघता आलं नाही, पण शेजारच्या मशिनांवरून यंत्रणा कळते. प्रत्येक चाकाबरोबर एक चकती फिरते, तिला कमी-जास्त खोलीची भोकं. चाकं थांबली की लोखंडी बोटं पुढे येऊन भोकं चाचपतात. तिन्ही बोटं पुरेशी आत गेली तर नळीत रचलेल्या निकेलांखालची पट्टी सरकते, आणि भोकाच्या खोलीप्रमाणे नाणी खालच्या वाटीत पडतात.

भाच्याने बराच वेळ निरखून विचारलं, "म्हणजे मशीन आंधळं आहे? चाकावरचं चित्र त्याला दिसतच नाही?" नाही दिसत. घंटा आपल्यासाठी. त्याला फक्त भोकं कळतात. पुढे नेवाडातल्या कॅसिनोंना मशिनं पुरवायची तर दुसऱ्या राज्यातून आणावी लागत, आणि १९५१ च्या केंद्रीय कायद्याने राज्याबाहेर जुगाराची यंत्रं पाठवायलाच मनाई केली, परवानगी असलेली राज्यं सोडून. कॅलिफोर्नियात आता पंचवीस वर्षांपेक्षा जुनं स्लॉट मशीन घरात ठेवलेलं चालतं, फक्त त्यावर जुगार खेळायचा नाही. दाजींनी हे वाचून माझ्याकडे संशयाने पाहिलं.

परतीला आम्ही रेनोवरून हायवे ८० धरला, डॉनर पासचा. चढ-उतार हायवे ५० पेक्षा सोपा आहे, पण रविवारी संध्याकाळी कॅसिनोंतून परतणाऱ्यांची तुडुंब गर्दी असते. आठवड्याच्या मधल्या वारी या आणि पेट्रोल सॅक्रामेंटोच्या आधी भरून घ्या.